कारणाचा रकाना

आमच्या कंपनीचं काम काय, हे सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. आईला मी बारा वर्षं समजावतेय, आणि ती अजून शेजारणींना "कॉम्प्युटरवर हाय" एवढंच सांगून मोकळी होते. खरं तर काम सोपं आहे. धरणापासून शहरापर्यंत पाइपलाइन टाकणाऱ्या, मोठी रुग्णालयं नाहीतर बंदराचे धक्के बांधणाऱ्या संस्था असतात. अशा एका कामावर शेकडो माणसं. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, कुणाचं अडलंय आणि कुणामुळं अडलंय, हे सगळ्यांना एका ठिकाणी दिसावं म्हणून आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. लग्नघरात एखादी खमकी आत्या जे करते, तेच ते करतं. फक्त रुसत नाही.

ऑफिस कोल्हापुरात उद्यमनगरात आहे. खाली लेथ मशीनचा कारखाना आणि वर आम्ही. तो कारखाना आमच्या मालकांच्या वडिलांनी उभा केला. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा जन्मभर टर्नर. पोरगा इंजिनिअर झाला, पण लेथवर उभा राहायला तयार होईना. त्यानं वरच्या माळ्यावर तीन कॉम्प्युटर मांडले आणि हा उद्योग सुरू केला. आबांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते रोज एकदा जिना चढून वर यायचे, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघायचे आणि "चालू द्या" म्हणून खाली जायचे. जिन्याच्या पायऱ्यांना कायम तेलाचा वास. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या साड्यांच्या काठांनाही तो वास लागला, म्हणून मी पंजाबी ड्रेस घालायला लागले.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, उद्यमनगर गप्प असतं. मशिनं बंद. ती धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवतात आणि दिवसभर त्यांच्याकडून काम करून घेत नाहीत. हत्याराला वर्षातनं एक दिवस विसावा. खाली लेथला तर वर कॉम्प्युटरला नको का, असं आबांचं म्हणणं पडलं आणि मालकांना ते मोडवेना. त्यामुळं महाराष्ट्रभरातल्या मोठमोठ्या संस्थांना कामाचं वेळापत्रक पुरवणारी आमची कंपनी खंडेनवमीला कॉम्प्युटर बंद करून बसते. दसरा झाला की आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या कीबोर्डमधनं कुंकू गळत असतं.

माझं पहिलं वर्ष. नोकरीला लागून चार महिने झाले होते. आम्ही बौद्ध. घरी पूजाअर्चा नाही, दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. तरी मी त्या दिवशी मुद्दाम लवकर आले. पूजा नाही तर नाही, आपलं मशीन आपण पुसायला काय हरकत आहे, असा विचार. प्रत्येकजण आपापलं मशीन पुसत होता. कुणी खिशातला रुमाल घेतला होता, कुणी जुना बनियन. मी आईकडून जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा आणला होता. मी पडद्यावर फडकं टेकवलं तेवढ्यात आबा आले. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं, बाजूला ठेवलं, स्वतःच्या खांद्यावरचं धोतराचं फडकं घेतलं आणि माझं मशीन पुसायला लागले.

बाकी कुणाचं नाही. फक्त माझं.

आणि पुसलं तरी किती! आधी पडद्याचे चारी कोपरे, मग मधला भाग, मग मागची बाजू, मग वायरी. काडेपेटीच्या काडीला फडक्याचं टोक गुंडाळून त्यांनी कीबोर्डच्या एकेका कळीच्या भोवतालची धूळ काढली. मी शेजारी हात बांधून उभी. कुणी काही म्हणालं नाही, सगळे आपापल्या मशीनवर वाकलेले. पंधरा-वीस मिनिटांनी आबांनी फडकं झटकलं, माळ घातली आणि खाली निघून गेले.

हे मी कसं घेतलं ते सांगायला नको, पण सांगते. मला वाटलं, चार महिन्यांचा माझा हात ते त्या मशीनवरून पुसून काढतायत. पूजेच्या दिवशी.

मला कुणी म्हणेल, एवढं मनाला लावून घ्यायची काय गरज होती. त्याला मी माझी खोली शोधायची गोष्ट सांगते. माझं गाव जयसिंगपूरजवळ. वडील जयसिंगपूरच्या बाजारात हमाली करायचे. नोकरी लागली तेव्हा कोल्हापुरात खोली बघत फिरले. एका बाईंना मी आवडले. त्यांनी चहा दिला, खोली दाखवली, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावर बाईंना एकदम आठवलं की खोली भाच्याला द्यायची ठरलीय. पुढच्या महिन्यात मी त्याच दारावरून गेले तर "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी तशीच. असं दोनदा झालं. खरं कारण कुणी सांगत नाही, ते आपलं आपण ओळखायचं असतं, आणि ओळखता ओळखता माणूस त्यात तरबेज होतो. मी तरबेज झाले होते.

त्या दिवशी मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण तोवर ते ऑफिस मला आवडायला लागलं होतं. राजीनामा द्यावा असं मनात आलं. पण घरी पैसे लागत होते आणि मी हट्टी आहे. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या आधीच मालकांना जाऊन म्हटलं, "मी पूजेला बसत नाही. मशिनं बंद असली तरी फोन येतात, ते मी घेते." मालक खूशच झाले. तेव्हापासून दर खंडेनवमीला मी पुढच्या खोलीत दार लावून फोनवर. आदल्या दिवशी सगळ्या संस्थांची दुसऱ्या दिवसाची कामं कागदावर छापून घ्यायची आणि कुणी विचारलं की कागदात बघून सांगायचं. आत आरती, घंटा, पेढे. बाहेर मी आणि कागदांचा गठ्ठा. अकरा वर्षांत एकदाही मी ते दार पूजेच्या वेळी उघडलं नाही.

आबांशी मी कधी वाकडं बोलले नाही, पण सरळही बोलले नाही. "जेवलीस काय?" म्हणून ते विचारायचे. मी "हो" म्हणायचे आणि पडद्याकडं बघायचे. माझ्या खुर्चीचं चाक निखळलं होतं, ते त्यांनी खाली नेऊन नवा खिळा घडवून बसवून दिलं. मी आभार मानले नाहीत. ते माझ्या हातचं पाणी घेतात का, याच्यावर मी बारीक नजर ठेवून होते. घ्यायचे, घटाघटा प्यायचे. पण एकदा मनात गाठ बसली की असलं काही मोजलं जात नाही.

त्या गाठीतनं एक चांगली गोष्ट मात्र झाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाचं काम काढून दुसऱ्याला द्यायची सोय होती. साहेबानं एक बटण दाबलं की याच्या यादीतलं काम गायब आणि त्याच्या यादीत हजर. ज्याचं गेलं त्याला सकाळी आल्यावर कळायचं. तिसऱ्या वर्षी एका बैठकीत मी उठून म्हटलं, "इथं कारणाचा रकाना पाहिजे. कारण लिहिल्याशिवाय कुणाच्या हातातलं काम काढता येता कामा नये." सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले, कारण माझा आवाज चढला होता. मालक म्हणाले, "लोक वैतागतील." मी म्हटलं, "वैतागू देत." थोडा वेळ पेन चावून ते म्हणाले, "करूया."

लोक वैतागलेच. लोकांनी त्या रकान्यात काय काय लिहिलंय याचं मी पुस्तक काढू शकते. कुणी नुसतं टिंब द्यायचं. कुणी "साहेबांनी सांगितले", आणि साहेब लिहायचे "वरून आदेश". एकानं दर वेळी "प्रकृती अस्वास्थ्य" लिहिलं, तेही दुसऱ्याच्या प्रकृतीबद्दल. मी त्या संस्थांत शिकवायला जाते. पाणीपुरवठ्याच्या एका मोठ्या कामावर एक वयस्कर इंजिनिअर भर वर्गात म्हणाले, "मॅडम, कारण कशाला लिहायचं? काम झाल्याशी मतलब."

मी म्हटलं, "साहेब, तुमचं काम काढून मी यांना दिलं आणि काही सांगितलं नाही, तर तुम्ही रात्री काय विचार कराल?"

ते म्हणाले, "मला वाटेल, माझ्यावर विश्वास राहिला नाही."

"आणि खरं कारण एवढंच असेल की ते तिथून जवळ राहतात?"

वर्ग हसला. त्या संस्थेत मग लोक कारणं खरंच लिहायला लागले. आता नवं गिऱ्हाईक आलं की आमचे विक्रीवाले सगळ्यात आधी तो रकाना दाखवतात. तो कुठून आला हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी भाद्रपदात आबा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. जिना कायमचा बंद झाला. खंडेनवमी आली. मी नेहमीप्रमाणं पुढच्या खोलीत कागद लावत होते. दार वाजलं. मालक होते, आणि त्यांच्या हातात धोतराचं ते फडकं, धुऊन घडी घातलेलं.

"आबांनी पाठवलंय," ते म्हणाले. "यंदा ती हुपरीची नवीन मुलगी आलीय ना, तिचं मशीन तुम्ही पुसायचं."

मी म्हटलं, "मी पूजा करत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"पूजा कोण करा म्हणतंय? पुसायचं फक्त. आबांना येता येत नाही, आणि आधीची पोरं सोडून गेल्यावर त्यांच्यानंतर इथं सगळ्यात जुन्या तुम्हीच."

"पण तिचं मशीन मी कशाला पुसायचं? तिला हात नाहीत?"

मालक माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांना जिना कुठं आहे ते विचारलंय. "अहो, रीत आहे ती. नवीन कारागीर आला की पहिल्या खंडेनवमीला त्यानं आपलं मशीन पुसायचं नसतं. सगळ्यात जुन्या मिस्त्रीनं पुसून द्यायचं. म्हणजे ते त्याच्या हवाली केलं. तोवर तो उमेदवार, त्यानंतर कारागीर. मालकानं पुसलेलं चालत नाही, कामगाराचाच हात लागतो; आबा जन्मभर टर्नर, म्हणून त्यांचा चालतो. तुमचं नाही का आबांनी पुसलेलं?"

मी विचारलं, "सगळ्यांचं पुसतात?"

"नवीन येईल त्याचं. दर वर्षी. तुम्ही इकडं फोनवर असता म्हणून बघितलं नसेल."

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यात सांगायचं काय? उद्यमनगरात सगळ्यांना ठाऊक असतं," मालक म्हणाले. आणि त्यांचं खरं होतं. आमच्याकडची सगळी पोरं टर्नर, फिटर, मोल्डर यांची. त्यांनी हे लहानपणापासून बघितलेलं. हमालाच्या पोरीला ते कुठून माहीत असणार?

मी फडकं घेतलं. आतल्या खोलीपर्यंत गेलेसुद्धा. ती मुलगी आपल्या टेबलापाशी उभी होती, मी तिच्याकडं बघितलं, आणि मला पुढं होईना. माझे पाय वळले. मी फडक्यासकट जिना उतरले, स्कूटीला किल्ली लावली आणि थेट मंगळवार पेठेत मालकांच्या घरी गेले.

आबा घराच्या पुढच्या सोप्यात पलंगावर बसून होते. माझ्या हातातलं फडकं बघून म्हणाले, "आगं, हे घिऊन कुठं फिरायलीयास?"

बसले तर बोलणं व्हायचं नाही म्हणून मी उभ्यानंच बोलले. "आबा, पहिल्या वर्षी तुम्ही माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. मला वाटलं, मी बौद्ध म्हणून घेतलं. माझा हात लागलेला पुसून काढताय असं वाटलं. अकरा वर्षं मी तेच धरून बसले होते. रीत आज कळली."

आबा म्हणाले, "म्हंजे दार लावून बसायचीस ते ह्येच्यासाठी व्हय? मला वाटलं, तुमच्यात पूजेला येत न्हाईत म्हणून."

"तेही खरंच. पण दार लावायचे ते यासाठी."

त्यांनी मान हलवली. "तुझी चूक न्हाय त्यात. आमच्या आईला म्या तसं करताना बघितलंय की. तुमच्यातलं कोण दारात आलं आन् कळशीला धक्का लागला, तर सगळं पाणी वतून टाकायची. म्या तितंच हुबा असायचो. बोललो न्हाय कदी. तवा बी गप, आन् तुझ्या हातातलं फडकं घेतलं तवा बी गप. मला तोंड काय निस्तं पान खायला दिल्यालं?"

मी रडणारी बाई नाही. खोली नाकारली तेव्हा रडले नव्हते. तिथं रडले. आबांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. खुर्चीच्या चाकाचे आभार मी तेव्हा मानले. त्यांना ते चाक आठवतही नव्हतं.

मी डोळे पुसले तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरीचं मशीन चांगलं पुसलंस न्हवं? कोपरं धरून?"

"नाही अजून. फडकं घेऊन तशीच इकडं आले."

"तशीच? तिला काय सांगून आलीस?"

मी हातातल्या फडक्याकडं बघितलं.

आबा पलंगावरून जवळजवळ उठलेच. "आगं मग हितं काय करतीस? सगळ्यांची मशिनं पुसून झाली आसतील, एकटीचं तेवढं ऱ्हायलं आसंल. तिला बाकीच्यांनी सांगितलं आसंल, तू हात लावू नगंस, मॅडम येनार हाईत. आन् मॅडम तिच्या तोंडाकडं बघून फडकं घिऊन गेली! काय समजून बसली आसंल ती? जा की!"

मंगळवार पेठेतनं उद्यमनगर काही लांब नाही. त्या दिवशी मात्र वाटेतली प्रत्येक झेंडूची गाडी आडवी आली. गिअर नसलेल्या स्कूटीवर मी गिअर शोधत होते. दुसऱ्यांच्या ऑफिसांत उभं राहून कारण लिहा, कारण लिहा म्हणून घसा कोरडा करणारी मी, आणि त्या पोरीच्या बाबतीत साधं टिंबसुद्धा दिलं नव्हतं. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

वर आले तर पुढच्या खोलीत मालक फोनवर कुणाला तरी माझे कागद उलटे धरून उत्तर देत होते. आत सगळ्या मशिनांना माळा. एक मोकळं. त्याच्यापुढं ती मुलगी पर्स खांद्याला लावून उभी होती. आई-वडील हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम करतात, घरात ही पहिलीच शिकलेली, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

मी विचारलं, "कुठं निघालीस?"

"घरी निघालतो, मॅडम." आमच्याकडच्या कितीतरी पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात, पोरांसारख्या. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता. "मला वाटलं, माझं कायतरी चुकलंय. तुम्ही बघितलासा आन् गेलासा."

तिला आणखी काय काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. नव्या माणसाचं मशीन पहिल्या वर्षी सगळ्यात जुन्या कामगारानं पुसायचं असतं. पुसलं म्हणजे ते तुझ्या हवाली झालं. फडकं तुझ्या हातात दिलं नाही ते यासाठी. मी गेले ते माझ्या कारणासाठी, तुझ्यामुळं नाही. मला ही रीत आज कळली, अकरा वर्षांनी.

तिनं पर्स खाली ठेवली. "एवढंच व्हय?" ती म्हणाली. "मग आधी सांगायचं की, मॅडम."

"व्हय," मी म्हटलं. "सांगायला पाहिजे होतं."

मी फडक्याची घडी मोडली आणि पुसायला घेतलं. आधी चारी कोपरे. कळींच्या मधल्या धुळीपाशी आले तेव्हा काडी लागणार होती. मी काही म्हणायच्या आत ती पूजेच्या ताटातली काडेपेटी घेऊन माझ्या शेजारी उभी होती.